तीन नंबरची काठी

मंडळी, आज जरा वेगळ्याच विषयावर. गोल्फ! नातेवाइकांपैकी जे वाचतायत त्यांनी "झालं, पोरगं अमेरिकेत जाऊन वाया गेलं" असं म्हणून लगेच निघून जाऊ नये. यात अकोला येणार आहे, अमरावती येणार आहे आणि बाबा तर येणारच आहेत. थोडा दम धरा.

ज्यांना या खेळातलं काहीच माहीत नाही अशा तमाम काका-मामा-आत्यांसाठी आधी थोडी उजळणी. गोल्फ खेळणाऱ्याच्या पिशवीत पुष्कळ काठ्या असतात. जास्तीत जास्त १४. पूर्वी लोक वीस-पंचवीससुद्धा घेऊन फिरायचे, मग १९३८ साली अमेरिकेत नियम झाला की चौदाच्या वर नाही. प्रत्येक काठीच्या तोंडाचा तिरपेपणा वेगळा, लांबी वेगळी. तोंड जितकं उभं आणि दांडा जितका लांब, तितका चेंडू खालून आणि दूर जाणार. तोंड जितकं आडवं, तितका तो उंच उडून जवळ पडणार. गणित एवढंच आहे. बाकी सगळा मनाचा खेळ आणि मनस्ताप.

या काठ्यांमधल्या लांब आणि मोठ्या डोक्याच्या काठ्यांना 'वुड' म्हणतात. म्हणजे लाकूड. आता त्यात लाकडाचा तुकडाही नसतो, सगळं स्टील नाहीतर टायटॅनियम. पण १९७९ च्या आसपास धातूची डोकी बाजारात यायला लागली, त्याआधी ती खरोखरच लाकडाची असायची. लाकूड कोणतं, तर अमेरिकेतलं पर्सिमन. एकदा सहज वाचताना कळलं की हे पर्सिमन आणि आपल्या मेळघाटातला तेंदू एकाच कुळातले, दोघंही डायोस्पायरॉस. उन्हाळ्यात धारणीकडे ज्याची पानं बिडीसाठी तोडतात तोच तेंदू! हे कळल्यावर मला या खेळाबद्दल उगाचच आपुलकी वाटायला लागली. म्हटलं, चला, लांबचा का होईना पण नातेवाईक निघाला.

तर माझं दुखणं होतं ३ वुड. तोंड साधारण १५ अंश, लांबी ४३ इंच. पहिला फटका मारताना चेंडू छोट्या खुंटीवर ठेवता येतो, तो फटका मला बऱ्यापैकी जमतो. पण त्यानंतर चेंडू गवतावर पडलेला असतो आणि झेंडा अजून दोनशे यार्डांवर असतो. तेव्हा ही काठी काढायची. आणि तेव्हाच माझी फजिती व्हायची. एकतर काठी चेंडूच्या आधी जमिनीत घुसायची आणि चेंडू वीस पावलं जाऊन बसायचा. नाहीतर काठी चेंडूच्या डोक्यावर लागायची आणि तो गवतातून सरपटत जायचा, साप निघाल्यासारखा.

याचं कारण मला फार उशिरा समजलं. जमिनीवरचा चेंडू आपण उचलायचा नसतो. काठीचं तोंड तिरपं असतं, उचलायचं काम तिचं. आपण फक्त काठी चेंडूवरून सरळ जाऊ द्यायची. पण १५ अंशांचं ते उभट तोंड पाहिलं की मनात येतं, हा काही उडायचा नाही, मदत करावी लागेल. मग अंग मागे झुकतं, मनगटं वर ओढतात आणि सगळा बट्ट्याबोळ होतो. यात माझी एकट्याची चूक नाही. लहानपणी अकोल्यात आणि सुट्टीत अमरावतीला आजोळी आम्ही काय खेळलो? गिल्ली-दांडू. त्यात काय करायचं असतं? आधी टोकावर मारून गिल्ली उचलायची, मग हवेत हाणायची. दहा वर्षं हाताला उचलायचीच सवय लागलेली. तो हात चाळिशीत न्यू जर्सीच्या हिरवळीवर जाऊन एकदम कसा सुधारणार?

बरं, ही काठी माझ्याकडे आली कुठून? २००९ साली एका गराज सेलमधून. एक म्हातारे गृहस्थ घर विकून फ्लोरिडाला चालले होते, त्यांनी वीस डॉलरला दिली. स्टीलचं डोकं, दांडापण स्टीलचा. आताच्या काठ्यांचे दांडे ग्राफाइटचे असतात, हलके. ही जड. पण दिसायला इतकी देखणी! डोकं छोटं, गोल, हातात मावेल असं. ते म्हणाले, "जमली तर हिच्यासारखी दुसरी नाही." 'जमली तर' हे दोन शब्द मी तेव्हा नीट ऐकले नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्या काउंटीच्या टॅमरॅक नावाच्या मैदानावर मी तिने एक फटका मारला. हाताला काही लागलंच नाही. आवाज आला तो पण वेगळा, पिकलेलं बोर दाताखाली फुटावं तसा. चेंडू निघाला, वर गेला, वरच राहिला आणि झेंड्याच्या अलीकडे अलगद पडला. दोनशे दहा यार्ड असतील. बरोबरचे तिघे गप्प झाले. एकाने टाळ्या वाजवल्या.

त्या एका फटक्यावर मी पंधरा वर्षं काढली.

खरं सांगतो, पंधरा वर्षांत तसे चांगले फटके चार-पाच झाले असतील. बाकी सगळे सापवाले. एका शिक्षकाकडे सहा तास शिकवणी लावली. त्याने तिसऱ्याच तासाला सांगितलं, "तुझ्या हाताचा वेग या काठीपुरता नाही. ७ वुड घे. तोंड एकवीस-बावीस अंश, दांडा दीड-दोन इंचांनी आखूड. चेंडू आपोआप उडेल. नाहीतर हायब्रीड घे, ती तर गवतातूनपण निघते." आणि वर असंही म्हणाला की तुझ्यासारख्या हळू वेगाच्या माणसाचा ७ वुडचा चेंडू जमिनीवरून ३ वुडपेक्षा लांबच जाईल, कारण तो निदान हवेत तरी जाईल. मी मान डोलावली आणि घेतली नाही. कारण आमच्या टोळक्यात ७ वुडला 'आजोबांची काठी' म्हणतात. डस्टिन जॉन्सनने २०२० ची मास्टर्स जिंकली तेव्हा त्याच्या पिशवीत ७ वुड होती, आणि टॉड हॅमिल्टनने २००४ ची ब्रिटिश ओपन जिंकताना हायब्रीडने हिरवळीच्या काठावरून चेंडू भोकाजवळ नेला होता, हे मला पाठ होतं. तरीपण नाही. दर वेळी म्हणायचो, सवय होईल. जमेल हळूहळू.

शेवटी २०२४ च्या उन्हाळ्यात बायकोनेच वाढदिवसाला ७ वुड आणून दिली. माझी तोंडदेखली कुरकुर ऐकून म्हणाली, "मग परत करू का?" नको म्हटलं. पण पिशवीतून ३ वुड काढली नाही. दोन्ही ठेवल्या.

आता अकोला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबा न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वय ८१. आई जाऊन पाच वर्षं झालेली, अकोल्याच्या घरात एकटेच असतात. शेजारच्या काकूंनी आवाज ऐकला म्हणून बरं. धाकटा भाऊ अमरावतीला असतो, तो दोन तासांत पोचला. ऑपरेशन झालं, दोन महिने बाबा अमरावतीला भावाकडे राहिले. मी फोनवर होतो. फोनवर असणं म्हणजे काय हे परदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको.

ऑक्टोबरच्या मध्यावर मी सहा आठवड्यांसाठी गेलो. काम तिथूनच करणार होतो. पुतण्याने फर्माईश केली होती, "मोठे बाबा, तुमच्या त्या काठ्या आणा ना एकदा, पाहाच्या आहेत." म्हणून एका लांब पिशवीत तीन काठ्या नेल्या. एक ७ नंबरची लोखंडी, ही नवी ७ वुड आणि अर्थातच ३ वुड. आईशपथ, सवयीने टाकली.

मी आल्याबरोबर बाबांनी जाहीर केलं, "मोठा आला आता. मले अकोल्याले न्या." भावाने, वहिनीने, मी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. उपयोग शून्य. दिवाळीआधी आम्ही निघालो. अमरावती ते अकोला, ज्या रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नाव आलं तोच हा रस्ता. लहानपणी याच रस्त्यावर एसटीत बसलं की मूर्तिजापूर येईपर्यंत पोटातलं पाणी हलायचं. बाबा पुढच्या सीटवर, मांडीवर डॉक्टरांनी दिलेली चार पायांची काठी आडवी धरून. बोरगाव मंजू गेलं आणि त्यांनी ती हळूच पायाशी सरकवली. घरी उतरताना गाडीतच राहिली. राहिली नाही, ठेवली.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय. बाबा भिंतीला धरून चालायचे. भिंत संपली की खुर्ची, खुर्ची संपली की दार. मधल्या चार पावलांच्या मोकळ्या जागेत माझा जीव वर-खाली. चार पायांची काठी आणून ठेवली की ती दुसऱ्या दिवशी दाराआड. साधी लाकडी आणली, ती छत्र्यांमध्ये. मी चिडलो की एकच उत्तर. "होते सवय. चालतो ना मी." किंवा मग ठेवणीतलं वाक्य, "काठी फिरवाची असते, टेकवाची नसते."

हे वाक्य नुसतं चमकदार नाही, त्याला इतिहास आहे. बाबांचं शिक्षण अमरावतीला झालं आणि तरुणपणी ते हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात लाठी शिकायला जायचे. १९१४ साली स्थापन झालेलं हे मंडळ अमरावतीकरांचा अभिमान आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक तिकडे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं. बाबांच्या वेळी ही गोष्ट सांगणारी माणसं हयात होती, आणि बाबांनी ती आम्हाला किमान शंभर वेळा सांगितली असेल. मी दुसरीत असताना आमच्या अंगणात ते लाठी फिरवायचे. वारा कापल्याचा आवाज यायचा. आई ओरडायची की बल्ब फुटेल. एकदा फुटलाच :)

तर अशा माणसाला काठी टेकत चाल म्हणायचं.

शनिवारी भाऊ आला. तो बाबा इकडे आल्यापासून दर शनिवारी येत होता आणि आईनंतरची पाच वर्षंही महिन्यातून दोनदा येतच होता. रात्री आम्ही गच्चीवर बसलो. मी म्हटलं, "तू जरा कडक बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतील." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तू सहा आठवडे कडक बोलशील आन् चालला जाशील. मले मंग त्यांच्याशी वर्षभर बोलाच राह्यते." आवाज अजिबात चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. मी काही उत्तर दिलं नाही, द्यायला नव्हतंच.

रविवारी पुतण्याच्या हट्टामुळे शेतावर गेलो. बोरगाव मंजूच्या अंगाला आमची चार एकर काळी जमीन आहे, मक्त्याने दिलेली. सोयाबीन निघालं होतं, धसकटं उभी होती, बाजूच्या वावरात तूर फुलावर आलेली. भावाने निंबाच्या झाडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बाबांना बसवलं. वहिनीने डब्यात रोडगे आणि वांग्याची भाजी दिली होती, पण ते नंतर. आधी पोट्ट्याला काठ्या पाह्याच्या होत्या.

धुऱ्यावर जरा बारीक गवत होतं तिथे मी चेंडू ठेवला. पहिली काढली ती ३ वुड. का काढली? बाबा बघत होते म्हणून. पन्नाशी उलटलेला माणूस बाबांना दाखवायला सगळ्यात अवघड काठी काढतो, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

पहिला फटका, काठी जमिनीत. काळ्या मातीचं ढेकूळ उडालं ते चेंडूपेक्षा लांब गेलं. पुतण्या खो खो हसला. दुसरा, साप. तिसरा पण साप, धसकटात शिरला आणि कुठल्यातरी भेगेत गेला तो आजपर्यंत सापडलेला नाही. चौथ्याला खांद्यात कळ आली. मक्त्याने करणारे भाऊ बैल सोडून बघायला उभे राहिले होते, ते म्हणाले, "काहून बापा, काय मारून राह्यले? साप निंगाला काय?"

बाबांनी मला हाक मारली. "आण इकडे ते."

इथे सांगायला हवं की बाबांची सगळी नोकरी कृषी विद्यापीठात अवजारांच्या कामात गेली. १९६९ साली अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांतच ते तिथे लागले. वखर, डवरा, तिफण यांच्यात त्यांचा जन्म गेला. पास किती रुंद, किती तिरपी, रुमणं किती उंच. हातात काहीही दिलं तरी माणूस आधी त्याचा तोल बघणार.

त्यांनी ३ वुड दोन बोटांवर आडवी तोलली. तोंडावर अंगठा फिरवला. मग ७ वुड मागितली, तीही तशीच पाहिली. दोन्हींची तोंडं शेजारी शेजारी धरून डोळा बारीक केला. "ह्याचा कोन किती?" पंधरा, म्हटलं. "आन् ह्याचा?" बावीस. "दांडापण आखूड दिसते." हो. "वजन खाली हाय ह्याच्यात." मी थक्क झालो. माझ्या शिक्षकाने पैसे घेऊन तीन तासांनी सांगितलेलं या माणसाने खुर्चीत बसून दोन मिनिटांत पाहिलं.

मग म्हणाले, "वखर बैल पाहून धरा लागते. रुंद पास धरली आन् बैल हलके असले त वखर चालतच नाही, नुसते बैल मरतात. ही मोठी तुह्याच्यानं होत नाही त बारकी धर ना."

"सवय होईल बाबा. जमेल हळूहळू," मी म्हटलं.

म्हटलं आणि मलाच ऐकू आलं. भावाला पण ऐकू आलं असावं, कारण तो एकदम तुरीकडे बघायला लागला. बाबा काही बोलले नाहीत. फक्त ३ वुड त्यांनी परत दिली नाही, मांडीवरच ठेवली.

मग मी ७ वुडने मारलं. पहिलाच चेंडू उडाला, निंबाच्या शेंड्याच्या वर गेला आणि दोन वावरं ओलांडून पडला. पुतण्या धावत सुटला. लगेच दुसरा मारला, तोही उडाला. काही मेहनत नाही, काही नाही. मला खरंतर आनंद व्हायला पाहिजे होता. थोडा झालाही. पण जास्त करून चोरी पकडल्यासारखं वाटलं. इतकं सोपं होतं तर मी पंधरा वर्षं काय करत होतो?

परत निघताना खुर्चीपासून गाडीपर्यंत पंचवीस पावलं होती, मध्ये भिंत नव्हती. मी हात द्यायला पुढे झालो. बाबांनी ३ वुड उलटी केली, गोल डोकं मुठीत धरलं, रबरी पकडीचं टोक मातीत टेकलं आणि उठले. काठी लांब पडत होती, त्यामुळे कोपर वर आलं होतं. पण चालले. गाडीपर्यंत चालले.

घरी आल्यावर विचारलं, "ही तुले लागन का?"

मंडळी, मला रात्रभर नीट झोप लागली नाही. हसू नका. वीस डॉलरची जुनी काठी, वडिलांसाठी! लगेच हो म्हणायला काय जात होतं? पण 'हो' म्हणणं म्हणजे तो टॅमरॅकचा फटका परत कधीच येणार नाही हे कबूल करणं. आपण आता लांबचा मारणारे राहिलो नाही. खांदा दुखतो, हात हळू झाला. रात्री तीनला पाणी प्यायला उठलो तर बाबांच्या खोलीत दिवा. तेही जागेच होते. पलंगावर बसून काठीचं डोकं हातात फिरवून बघत होते. मी दारातूनच म्हटलं, "घ्या बाबा. मला नको." ते म्हणाले, "कापा लागन बरं. मंग खेळता नाही येनार." म्हटलं, कापा.

सकाळी त्यांनी मला सरळ उभं राहून त्यांचं माप घ्यायला लावलं. हात सैल सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथपर्यंत जमिनीपासून उंची, तेवढी काठी. चौतीस इंच भरली. हे त्यांना फिजिओथेरपीवाल्या मुलीने अमरावतीला दोन महिने सांगितलं होतं, सगळं पाठ होतं, फक्त करायचं नव्हतं. पकडीकडून नऊ इंच कापायचं ठरलं. हॅक्सॉ त्यांच्याच पेटीतून निघाली, पातं मी जठारपेठेतून नवीन आणलं. मी धरलं, त्यांनी कापलं. बसून, पण त्यांनीच कापलं. औषधाच्या दुकानातून काठीला लावायचं रबरी बूट आणलं, ते सैल होत होतं, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून दांड्याला गुंडाळली आणि वरून बूट ठोकून बसवलं. मग काठी जमिनीवर दाबून, तिरपी करून, ओल्या फरशीवर घासून, सगळ्या परीक्षा झाल्या. विद्यापीठातसुद्धा एखाद्या डवऱ्याची इतकी तपासणी झाली नसेल.

दोन दिवसांनी अकोल्याची फिजिओथेरपिस्ट आली. काठी उलटसुलट करून बघितली, बूट ओढून बघितलं, उंचीवर समाधान व्यक्त केलं. मग म्हणाली, "पण आजोबा, हे आहे काय?"

"अमेरिकन आहे," बाबा म्हणाले. शुद्ध मराठीत.

मी नंतर वाचलं की हा शोध आमचा नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये रविवारी गोल्फ खेळणं बरं मानत नसत. तेव्हा लोक फिरायच्या काठ्या अशा बनवून घ्यायचे की मूठ म्हणजे गोल्फच्या काठीचं छोटंसं डोकं. कोणी बघत नसेल तेव्हा काठी उलटी करून एखादा चेंडू मारून घ्यायचा, कोणी आलं की पुन्हा सभ्य गृहस्थासारखं टेकत चालायचं. 'संडे स्टिक' म्हणत तिला. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "म्हंजे फिरवता पण येते."

नोव्हेंबरच्या अखेरीस मी परत आलो. निघताना बाबा फाटकापर्यंत आले, काठी टेकत. भाऊ मला नागपूरच्या विमानतळावर सोडायला आला. रस्त्यात आम्ही फार बोललो नाही. बडनेऱ्याच्या आसपास त्याने विचारलं, "मार्चमध्ये येशील?" म्हटलं, येतो. गेलोही. आता वर्षातून दोनदा जातो. त्याने त्या गच्चीवरच्या बोलण्याचा विषय पुन्हा काढला नाही, मीही काढलेला नाही. कधीतरी काढावा लागेल.

इथे माझ्या पिशवीत आता ७ वुड आहे आणि एक २२ अंशांची हायब्रीड घेतली होती, ती परत केली. दोघींचं काम जवळजवळ एकच निघालं, आणि हायब्रीडने माझा चेंडू उगाच डावीकडे वळतो. त्याऐवजी ५ वुड घ्यावी असं मनात आहे. साधारण १८ अंश. सध्या पिशवीत तेराच काठ्या आहेत, एक जागा मोकळी आहे. टोळक्यातले 'आजोबा' म्हणतात. दोन-तीन आठवडे म्हणाले, मग एकाने हळूच माझी ७ वुड मागून घेतली, चार फटके मारले, आणि कुठून घेतली ते विचारलं.

दर शनिवारी रात्री भावाला फोन असतो. पहिला प्रश्न माझा ठरलेला, "काठी वापरतात का?"

"लोकं असले की वापरतात," तो म्हणतो. "शेजारच्या काकांना दाखवतात, हे पाहा म्हणून. एकटे असले की भिंतच."

मागच्या रविवारी ५ वुड बघायला दुकानात गेलो होतो. शेजारीच ३ वुड लावलेली होती, नवीन, पंधरा अंशांची. उचलून दोन बोटांवर तोलून पाहिली. परत ठेवली. वजनाला छान होती पण.